कोंबडीचे अन्नपुट : एका दुखण्याचा इतिहास

कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या अंगास, किंचित उजवीकडे, एक लहानशी पिशवी असते. कोंबडीला दात नसतात. ती दाणा चावीत नाही, नुसता टिपते व गिळते. हा दाणा प्रथम या पिशवीत साठतो, ओला होतो, मऊ पडतो, व मग थोडा थोडा खाली पोटाकडे उतरतो. या पिशवीस प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतून अन्नपुट असे नाव दिलेले आढळते. दिवस मावळता कोंबडी खुराड्यात शिरते तेव्हा हे अन्नपुट भरलेले असावे आणि पहाटे ती बाहेर पडते तेव्हा ते रिकामे असावे, हा निरोगी कोंबडीचा नियम होय. ज्या घरात चार कोंबड्या पाळल्या जातात त्या घरच्या बाईस हा नियम कोणी शिकवावा लागत नाही. सकाळी कोंबडी हाती धरली आणि गळ्याखाली बोटांना गोळा लागला की, काही तरी बिघडले, हे ती ओळखते.

तथापि काही तरी बिघडले हे ओळखणे निराळे आणि काय बिघडले हे ओळखणे निराळे. या दोहोंमधील अंतर तोडण्यास मनुष्यजातीला सुमारे दोन हजार वर्षे लागली. एवढेच नव्हे, तर या क्षुल्लक भासणाऱ्या दुखण्याच्या शोधात एका टप्प्यावर लक्षावधी माणसांच्या प्राणांचा प्रश्न गुंतलेला होता. म्हणूनच हा इतिहास कोंबड्या पाळणाऱ्यांनीच नव्हे, तर इतरांनीही जाणून घेण्याजोगा आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांविषयी जो ग्रंथ लिहिला त्यात कोंबडा, पारवा, तितर इत्यादी पक्ष्यांना पोटाच्या अलीकडे अशी पिशवी असते, याची नोंद केली आहे. परंतु ती केवळ रचनेची नोंद होती. रोग व उपचार यांचा विचार पाहावयाचा तर रोमन शेतीशास्त्रज्ञ कोलुमेला याच्याकडे वळावे लागते. पहिल्या शतकात लिहिलेल्या आपल्या कृषिग्रंथाचा आठवा भाग त्याने कोंबड्या, कबुतरे, हंस इत्यादी पाळीव पाखरांना वाहिला आहे. कोंबड्यांच्या एका व्याधीचे वर्णन तो असे करतो की, जिभेच्या टोकावर पांढरा पापुद्रा येतो आणि पाखरू खाईनासे होते. यावर उपाय कोणता? तो पापुद्रा नखाने हलकेच सोलून काढावा, त्या जागी राख लावावी आणि जखम स्वच्छ झाल्यावर वाटलेला लसूण भुरभुरावा.

हा उपाय पुढे युरोपच्या खेड्यापाड्यांतून शतकानुशतके चालू राहिला. आजचे ज्ञान असे सांगते की, कोंबडीचे नाक चोंदले वा तिला श्वासाचा विकार जडला म्हणजे ती चोच उघडी ठेवून श्वास घेते; त्यामुळे जिभेचे टोक कोरडे पडून कडक होते. पापुद्रा हा रोग नसून रोगाची खूण होती. तेव्हा ज्या पाखराला श्वास पुरत नव्हता त्याची जीभ सोलण्यात आली. आणि जी पाखरे आपोआप बरी झाली त्यांचे श्रेय राखेला व लसणाला मिळाले. कोलुमेला हा साक्षेपी निरीक्षक होता यात संशय नाही. चूक त्याच्या डोळ्यांची नव्हती. जेथे खूण दिसते तेथेच रोग असला पाहिजे, असे धरून चालण्याची ही चूक होती, आणि अन्नपुटाच्या इतिहासात ती पुनःपुन्हा भेटते.

पक्ष्याच्या पोटात अन्नाचे काय होते, याचा खरा शोध सतराव्या शतकात सुरू झाला. इटलीतील फ्लोरेन्स नगरीच्या विद्वानांनी कोंबड्यांना व बदकांना काचेच्या पोकळ गोळ्या चारल्या आणि पोटात त्यांचा चुरा झालेला पाहिला. पुढे १७५२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर याने धातूच्या नळ्या गिळावयास लावून असेच प्रयोग केले. दाणे खाणाऱ्या पाखरांच्या पोटात त्या नळ्या चेपल्या गेल्या. त्यानंतर इटालियन पाद्री स्पालान्झानी याने शिशाच्या गोळीत सुया रोवून ती टर्की पाखरास खाऊ घातली. सुयांची टोके मोडली. पाखरास मात्र इजा झाली नाही. हे सामर्थ्य अन्नपुटाचे नव्हे. त्याच्या बरेच खाली जाड स्नायूंची जी पेषणी असते आणि जिला आपल्याकडे खाटकाच्या दुकानात ‘पेटा’ म्हणतात, तिचे ते काम होते. कोंबडी जे बारीक खडे टिपते ते या पेषणीत जाऊन बसतात व जात्याच्या पाळीसारखे दाणा भरडतात.

या प्रयोगांतून अन्नपुटाचे खरे स्थान निश्चित झाले. पेषणी हे जाते आणि अन्नपुट ही जात्याशेजारी ठेवलेली, दाणा भिजत घातलेली टोपली होय. टोपली रिकामी होत नसेल तर दोष टोपलीत असेल, जात्यात असेल, किंवा दळणाऱ्या हातात असेल. परंतु ही गोष्ट व्यवहारात उतरण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात कोंबड्या पाळण्याचा मोठा छंद लागला. चीनमधून आलेल्या कोचीन जातीच्या थोराड, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या पाहावयास लोक गर्दी करू लागले. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. महागामोलाची पाखरे लहान वाड्यांतून कोंडली जाऊ लागली, आणि त्याबरोबर एक जुने दुखणे नव्याने डोळ्यांत भरले. लांब वाळके गवत, पेंढ्याच्या काड्या, दोऱ्याचे तुकडे अन्नपुटात अडकून त्यांची गुंतवळ होई. वरून दाणा येतच राही. आणि अखेर गळ्याखाली चेंडूसारखा टणक गोळा तयार होई. पाखरू चोच मारी पण त्याच्या अंगी काही लागत नसे. भरलेल्या पिशवीसह ते उपाशी मरे.

त्या काळच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत यावर धीट उपाय सांगितलेला आढळतो. प्रथम कोमट पाणी व तेल पाजून गोळा हलक्या हाताने चोळावा. तेवढ्याने न सुटला तर पिसे उपटून अन्नपुटास लहान छेद घ्यावा, आतील गुंतवळ काढावी, पिशवी धुवावी आणि टाके घालावे. टाके घालताना अन्नपुट निराळे व वरील कातडी निराळी शिवावी. दोन्ही एकत्र शिवू नयेत. हा उपाय खरा होता. आजही पशुवैद्य असाध्य गोळ्यावर हीच शस्त्रक्रिया करतात, फरक इतकाच की, आता ती पाखरास गुंगी देऊन व जंतुरहित हत्यारांनी करतात. परंतु या उपायातही एक न्यून होते. कित्येक पाखरांना पुन्हा गोळा होई. ज्या कोंबडीला खडे मिळत नाहीत तिची पेषणी दुबळी पडते. जिच्या आतड्यांत जंत माजले आहेत तिचा मार्ग तुंबतो. अशा पाखराची टोपली कितीदाही रिकामी केली तरी जाते बंदच राहते.

दुसरे दुखणे याहून फसवे आहे. यात अन्नपुट टणक नसते. पाण्याने भरलेल्या पखालीसारखे ते लिबलिबीत लागते आणि चोचीस आंबूस दुर्गंधी येते. पिशवीत अडकलेले अन्न आंबून हे घडते, आणि त्या आंबवणात एक बुरशी माजते. तान्ह्या मुलांच्या तोंडात दह्याच्या कवडीसारखे जे पांढरे डाग पडतात तेही याच बुरशीचे काम होय. फ्रेंच वैद्य शार्ल रोबँ याने १८५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले; १९२३ पासून ती कॅन्डिडा या नावाने ओळखली जाते. ही बुरशी निरोगी पाखराच्या अंगातही थोडीफार असते. अन्न तुंबले, पाणी घाण झाले, किंवा जंतुनाशक औषधांच्या अतिवापराने तिला आवर घालणारे इतर सूक्ष्मजीव नष्ट झाले, की ती बळावते.

या बुरशीवर प्रथम पाण्यातून मोरचूद देण्याची रीत होती. निश्चित गुणकारी औषध मिळाले ते दोन अमेरिकन स्त्रियांच्या परिश्रमाने. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन या ठिकठिकाणच्या मातीतून सूक्ष्मजीव वेगळे करीत आणि रेचल ब्राऊन त्यांतील औषधी द्रव्य शोधून काढीत. दोघींची कामाची गावे निराळी असल्याने नमुने टपालाने जात-येत. व्हर्जिनिया प्रांतातील एका शेताच्या मातीतून त्यांना हवे ते द्रव्य सापडले, आणि १९५० साली त्यांनी ते जाहीर केले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्यास निस्टॅटिन असे नाव पडले. त्याच्या स्वामित्वधनातून दोघींनी स्वतःसाठी काहीही न घेता ते सारे संशोधनकार्यास देऊन टाकले. हेच औषध तान्ह्या मुलांनाही देतात आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने पाखरांनाही देतात.

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळले पाहिजे. त्याचे स्थळ जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील डच सत्तेला बेरीबेरी या रोगाने हैराण केले होते. पायांतील शक्ती जाते, हातापायांना बधिरता येते, कित्येकांच्या अंगावर सूज चढते आणि अखेर हृदय बंद पडते, असा हा रोग. फौजेत व तुरुंगात त्याचा कहर होता. त्या वेळी पाश्चर व कॉख यांच्या शोधांमुळे प्रत्येक रोगामागे जंतू असलाच पाहिजे, असा वैद्यकाचा समज झाला होता. तो जंतू हुडकण्यास १८८६ साली हॉलंडहून पेकेलहारिंग व विंक्लर या दोन वैद्यांचे मंडळ आले. ते परत गेल्यावर काम पुढे चालविण्यासाठी क्रिस्तियान आयिकमान या तरुण लष्करी वैद्याची लष्करी रुग्णालयाच्या आवारातील लहानशा प्रयोगशाळेवर नेमणूक झाली. प्रयोगासाठी त्याने कोंबड्या पाळल्या होत्या.

१८८९ सालच्या जुलै महिन्यात त्या कोंबड्यांना विलक्षण रोग जडला. त्यांची चाल डगमगू लागली. पाय फाकून त्या उभ्या राहात. दांडीवर बसता येईना. मग त्या कुशीवर पडत, पंख लुळे पडत आणि तुरा काळानिळा होई. अशा आजारात अन्नवाहक नसाही दुबळ्या होतात व पुष्कळदा अन्नपुटात तांदूळ जसाच्या तसा पडून राहतो. आयिकमानला हा रोग बेरीबेरीचाच भाऊबंद वाटला. त्याने जंतू शोधला, सापडला नाही. ज्यांना काही टोचले होते त्याही आजारी, आणि ज्यांना मुळीच टोचले नव्हते त्याही आजारी! त्याने कोंबड्या दूर नेऊन ठेवल्या. मग नोव्हेंबरच्या अखेरीस रोग आला तसा निघून गेला. नव्या कोंबड्या आजारी पडेनात व आजारी होत्या त्या बऱ्या झाल्या.

चौकशी करता उलगडा झाला तो असा. प्रयोगशाळेच्या चाकराने काटकसर म्हणून १७ जूनपासून कोंबड्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील शिजलेला भात घालण्यास आरंभ केला होता. हा भात उत्तम घासलेल्या पांढऱ्या तांदळाचा असे. पुढे आचारी बदलला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना का म्हणून द्यावा, असे म्हणून नव्या आचाऱ्याने तो देण्याचे साफ नाकारले. आणि २७ नोव्हेंबरपासून कोंबड्यांना पूर्वीचा साधा तांदूळ मिळू लागला. पांढरा भात सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी रोग आला आणि भात बंद होताच गेला. एका आचाऱ्याच्या शिस्तप्रियतेने जे घडविले ते मोठमोठ्या सूक्ष्मदर्शकांना दिसले नव्हते. परंतु तारखा ताडून पाहणारा व त्यांचा अर्थ लावणारा मनुष्य जागेवर होता, ही गोष्ट विसरता कामा नये. आचारी जगात सर्वत्र बदलत असतात.

आयिकमानने पुढे मुद्दाम प्रयोग करून दाखविले की, तांदळावरील तांबूस पापुद्रा म्हणजे कोंडा दिला असता आजारी कोंबडी बरी होते. माणसांचे काय? तुरुंगांचे आरोग्यनिरीक्षक फोर्डरमान यांनी १८९५ नंतर जावा व मदुरा बेटांवरील १०१ तुरुंगांतील सुमारे २,८०,००० कैद्यांची माहिती गोळा केली. ज्या तुरुंगांत कोंड्यासहित तांदूळ मिळे तेथे १०,००० कैद्यांत एकास बेरीबेरी झाली होती. जेथे पांढरा तांदूळ मिळे तेथे दर ३९ कैद्यांत एकास. कोंबडीच्या खुराड्यात जे दिसले ते कैद्यांच्या कोठडीतही खरे ठरले.

येथेही जुन्या चुकीची सावली होतीच. पांढऱ्या तांदळातील पिष्टामुळे शरीरात विष उत्पन्न होते व कोंडा त्या विषाचा उतारा आहे, असे आयिकमानने मानले. जे अन्न समोर होते त्यातच त्याने दोष पाहिला. त्याच्यामागून आलेला खेरिट ग्रेन्स याने मांस फार उष्णतेत तापवून कोंबड्यांना दिले. त्यात पिष्टाचा कणही नव्हता, तरी रोग झाला. उलट पांढऱ्या तांदळाबरोबर मूग दिले तर रोग टळला. तेव्हा दोष अन्नात काही असल्याचा नसून काही नसल्याचा आहे, असा निर्णय त्याने १९०१ साली मांडला. फुंक याने १९१२ साली अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव सुचविले, यान्सेन व डोनात यांनी १९२६ साली बटाव्हियातच हे द्रव्य स्फटिकरूपाने मिळविले, आणि आज ते जीवनसत्त्व ब-१ म्हणून ओळखले जाते. आयिकमानला १९२९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दुसऱ्या वर्षी तो वारला.

कोकणात व गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या घरांना या शोधाची एक बाजू चटकन पटेल. भात उकडून मग सडला असता कोंड्यातील हे द्रव्य दाण्याच्या अंतर्भागात मुरते व सडताना सारे निघून जात नाही. ज्या चालीला शहरी लोक गावंढळ म्हणत, तिने कित्येक पिढ्यांचे पाय धडधाकट ठेवले. त्याच घरच्या अंगणातील कोंबडीलाही कण्यांबरोबर कोंडा मिळे, हा तिचा लाभ होता.

परंतु लुळी कोंबडी व तुंबलेले अन्नपुट दिसताच कोंडा चारावा, असा सुलभ निष्कर्ष कोणी काढील तर तेही चुकेल. १९०७ साली बुडापेस्ट येथील पशुवैद्य योझेफ मारेक याने चार कोंबड्यांच्या लुळेपणाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याही नसा बिघडल्या होत्या. परंतु त्यांचे अन्न यथायोग्य होते. या रोगात मानेतून उतरणारी नस निकामी झाली म्हणजे अन्नपुटाचे आकुंचन थांबते व ते फुगून लोंबू लागते. १९६७ साली इंग्लंडात सिद्ध झाले की, याचे कारण एक विषाणू आहे. एकदा जडला की यावर औषध नाही. पिलू अंड्यातून बाहेर येताच लस टोचणे हाच बचाव. बाहेरून पाहता दोन्ही कोंबड्या सारख्याच, दोघींचे अन्नपुट भरलेलेच. परंतु एकीला मूठभर कोंडा जीवदान देतो आणि दुसरीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

या दीर्घ इतिहासाने पाळणाऱ्याच्या हाती जे दिले ते थोडक्यात असे सांगता येईल. पहाटे, दाणा घालण्यापूर्वी, अन्नपुट चाचपून पाहावे. रिकामे असेल तर चिंता नाही. टणक गोळा लागला तर दाणा बंद करून पाणी ठेवावे, चोचीत थोडे तेल थेंबाथेंबाने सोडावे आणि गोळा दिवसातून दोन-चार वेळा हलकेच चोळावा. एक-दोन दिवसांत न सुटल्यास पशुवैद्याकडे न्यावे. लिबलिबीत व आंबूस लागले तर दाणा थांबवावा, पाणी स्वच्छ ठेवावे, आणि औषधासाठी विलंब लावू नये. अशा कोंबडीला उलटी धरून अन्न ओतून काढण्याची जी रीत आहे ती टाळावी. कारण ते पाणी श्वासनलिकेत शिरून पाखरू हातातच दगावते. नुसतेच लोंबते असेल तर एका वेळी फार दाणा न घालता थोडा थोडा घालावा. आणि प्रत्येक प्रकारात एक प्रश्न स्वतःस विचारावा: हिने काय खाल्ले, काय खावयास मिळाले नाही, हिला खडे मिळतात काय, जंत आहेत काय, पाय डगमगतात काय?

रोमन शेतकऱ्याने जीभ पाहिली, इंग्रज छांदिष्टाने पिशवी कापली, डच वैद्याने ताटलीतील भात पाहिला. प्रत्येकाची नजर आधीच्याहून एक पाऊल मागे, कारणाकडे सरकत गेली. अन्नपुट हे रोगाचे घर क्वचितच असते. बहुधा ती केवळ देवडी असते, जेथे आतील बातमी प्रथम येऊन थांबते. घरच्या बाईची जी बोटे पहाटे तो गोळा चाचपतात त्यांनी ही बातमी नेहमीच ऐकली होती. ती वाचावी कशी, एवढेच शास्त्राने तिला शिकविले. आणि ते शिकविण्यापूर्वी शास्त्राला स्वतः एका खुराड्यासमोर बसून शिकावे लागले.